जेवताना बंद केलेला बीकन

माझी मुलगी दर शनिवारी स्कीइंगला जाते. रिसॉर्टच्या आखून दिलेल्या उतारांवर नाही. मोकळ्या डोंगरांत, जिथे बर्फाचा अख्खा कडा सुटून खाली येऊ शकतो. चोवीस वर्षांच्या मुलीला परवानगी द्यायची नसते, पण कुरकुर करता येते, आणि ती मी भरपूर केली. शेवटी ती म्हणाली, "आई, एकदा ये. बघ. मग बोल."

डेन्व्हरला आम्हाला बावीस वर्षं झाली. ती लहान असताना तिच्याबरोबर मीही स्की शिकले होते, आणि गुडघे अजून ठीक आहेत. मी गेले. तिला अडवत राहायचं की गप्प बसायचं, हे एकदाचं ठरवायचं होतं.

पार्किंगमध्ये तिने माझ्या जॅकेटच्या आत, छातीवर, पट्ट्यांनी बीकन बांधला. जाडजूड मोबाइलएवढं यंत्र. ते सतत सिग्नल पाठवत राहतं. माणूस बर्फाखाली गेला, तर वर राहिलेल्याने आपला बीकन शोधण्यावर टाकायचा आणि पडद्यावरचा बाण दाखवेल तिकडे जायचं. मग लांब काठीने टोचून पाहायचं, मग फावडं. सगळं काही मिनिटांत, कारण खाली श्वास पुरत नाही. तिने मला लांब उभं करून माझा सिग्नल येतो का ते पाहिलं. मी तिची बॅग तपासली, बर्फ कोसळण्याचा अंदाज कुठे वाचला ते विचारलं.

"आई, तू इन्स्पेक्टर आहेस का?"

"आज आहे."

तीन तास चढून झाल्यावर झाडांजवळच्या सपाटीवर जेवायला बसलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ऊन लागत होतं म्हणून मी जॅकेट उघडलं. छातीवर बीकनचा दिवा लुकलुकत होता. मी तो बंद केला.

त्यात विचार असा काही नव्हता. आमच्याकडे भारतात खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जातो. इथे प्लगला बटणं नसतात, तर मी चार्जरच उपटून ठेवते. बसून जेवतोय, तर बॅटरी कशाला जाळायची? जेवण झालं, चेन वर ओढली आणि निघाले.

उतरताना एक रुंद, उघडा उतार लागला. ती आधी गेली, खाली झाडांपाशी थांबली आणि तिने हात केल्यावर मी निघाले. एका वेळी एकच, म्हणजे बर्फ कोसळलाच तर शोधायला दुसरी उरते. काही कोसळलं नाही. मला फार मजा आली, हेही सांगायला हवं. खाली पोचेपर्यंत माझं ठरलं होतं: पोरगी सावध आहे, आता आपण गप्प बसायचं.

गाडीपाशी ती म्हणाली, "आता बीकन ऑफ कर."

"माझा मघाशीच केलाय. जेवताना."

"जेवताना?"

"बसलोच होतो ना. उगाच बॅटरी..."

"आणि परत ऑन कधी केलास?"

मी चेन खाली केली. दिवा नव्हता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट बोलले असते. तिने माझा बीकन काढून घेतला, मला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि पार्किंगच्या कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात तो तसाच, बंद, पुरला. मग स्वतःचा बीकन शोधण्यावर टाकून माझ्या हातात दिला.

"शोध."

"अगं, पण तो बंद आहे."

"आय नो. शोध."

ढीग बसएवढा लांब होता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. पडद्यावर बाण नाही, आकडा नाही. मग काठीने टोचत सुटले. जिथे टोचावं तिथे नुसता बर्फ. मघाच्या उतारात असे किती ढीग मावतील, हे मनात यायला लागलं आणि मी थांबले. त्या उतारावर हीच काठी घेऊन ती एकटी उभी असती.

"मी कुठून सुरू केलं असतं, आई?" तिने विचारलं. "आणि बाबांना काय सांगितलं असतं?"

"माझं चुकलं."

"यू थिंक?"

बीकन तिच्या मैत्रिणीचा होता, परत द्यायचा होता, म्हणून दोघींनी फावडी घेतली. नेमका कुठे पुरला ते आता तिलाही सांगता येईना. रागाच्या भरात खूण करायची राहिली होती. बराच वेळ उपसल्यावर तो माझ्या फावड्याला लागला. दोघी घामाघूम झालो होतो.

परतताना गाडी ती चालवत होती. घाट उतरून झाल्यावर मी विचारलं, "पुढच्या शनिवारी?"

"मी जाणार. तू नाही. आधी प्रॅक्टिस, मी पुरे म्हणेपर्यंत."

"बरं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "निघण्याआधी मी परत चेक करायला हवं होतं. सकाळी केलं, जेवणानंतर नाही."

तिचं बरोबर होतं. एरवी मी लगेच "जाऊ दे गं" म्हटलं असतं. या वेळी म्हटलं नाही. शनिवारी तिच्याबरोबर दुसरं कोणीतरी असणार होतं, आणि जेवताना बीकन बंद केला होता का, हे निघण्याआधी तिने त्यालाही विचारायला हवं.