रकानेवाला मेव्हणा

आमच्या मेव्हण्याइतका व्यवस्थित माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्याच्या व्यवस्थितपणानं थकलेला माणूस हवा असेल तर तो मात्र लगेच सापडेल, कारण तो मीच. मी वसमतच्या एका शाळेत कारकून. आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासले, चुकीचे शिक्के मारले आणि संध्याकाळी घरी येऊन पाय लांब करून बसलो, एवढंच माझं कर्तृत्व. बायकोचा धाकटा भाऊ हुशार आहे हे लग्नाआधी सांगितलं होतं. तो कोणत्या प्रकारे हुशार आहे ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते मला हळूहळू, हप्त्याहप्त्यानं कळत गेलं.

त्याचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, कॉम्प्युटरचं दुकान होतं. आधी लग्नपत्रिका आणि टायपिंग, आणि दोन हजार साल उलटल्यावर इंटरनेट. नांदेडहून आणलेल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकावरून तो वेबसाईटी करायला शिकला. त्यातही त्याला चित्रं, रंग, हलणारी अक्षरं यांचं काही नव्हतं. त्याचा जीव फक्त एकाच गोष्टीत अडकला होता: इथल्या माणसानं पडद्यावरचे रकाने भरायचे, ‘पाठवा’ हे बटण दाबायचं, आणि ते सगळं बांधून दूर कुठंतरी अमेरिकेत ठेवलेल्या सर्व्हरवर जायचं. तिथं त्याचा प्रोग्राम बसलेला असायचा. तो पुडकं सोडायचा, नाव नावाच्या जागी, वय वयाच्या जागी ठेवायचा आणि उलटटपाली उत्तर द्यायचा. हे सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. सासूबाईंनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून विचारलं होतं, “तिकडल्याला मराठी येतं का रं?” तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

हे पुडकं बांधायची त्याची रीत अशी की प्रत्येक गोष्टीच्या आधी एक खूण आणि नंतर तीच खूण बंद करणारी. ‘नाव’ उघडायचं, नाव लिहायचं, ‘नाव’ बंद करायचं. उघडलं ते बंद झालं नाही तर पलीकडचा प्रोग्राम सगळं पुडकंच नाकारतो. प्रोग्रामपुरतं हे ठीक होतं. पण हळूहळू त्याला माणसांनीही असंच बोलावं असं वाटायला लागलं. आमची ही गोष्ट सांगायला बसली की ती कधीच एका दमात संपत नाही. “परवा मी बाजारात गेले, तर कोण दिसलं असंल...” एवढं म्हणून ती दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. मग शेजारीण आली, मग दळण आलं. दोन तासांनी पाहतो तर मेव्हणा पायात चपला घालून उंबऱ्यावर उभा.

“गेला नाहीस?” मी म्हटलं.

“कसा जाऊ दाजी? अक्का बाजारात गेली ते अजून उघडंच हाये.”

फोनवर तर त्याच्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा. “उद्या पाव्हणे येणार आहेत,” मी सांगायचो. “किती? कोणत्या गाडीनं? मुक्कामी का जेवून जाणार? सांगा दाजी, हे रकाने सक्तीचे हायेत, रिकामे सोडून पुढं जाता येत न्हाई.” माझ्या काकांच्या मौतीला आला तेव्हाही त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “नक्की वेळ काय व्हती?” मला अंदाजे सांगायची सोय नव्हती.

आणि जग त्याच्या प्रोग्रामाप्रमाणं वागत नसेल तर प्रोग्राम बदलण्याआधी तो जगाला एक संधी द्यायचा. हळदीच्या अडत्यांची यादी वेबसाईटवर टाकताना एका दुकानाच्या नावात, बाप आणि लेकाच्या नावांच्या मधोमध, इंग्रजी ‘अँड’चं ते वेटोळं चिन्ह निघालं. ते चिन्ह आलं की पुडकं फुटायचं. त्यावर उपाय होता, तो त्याला माहीतही होता. पण हा आधी सायकल काढून थेट दुकानात गेला. बरोबर मी, कारण मी नाही म्हणायला शिकलेलो नाही.

“शेठ, पाटीवरचं ते चिन्ह काढता का?”

“काहून? आमच्या वडलांनी लावलेलं हाये ते.”

“माझ्या प्रोग्रामला तकलीफ होऊन राहिली.”

अडत्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “पाव्हणे,” मला म्हणाला, “यांचं लगीन लावून टाका एकदाचं.”

तेच तर होत नव्हतं. त्याची पस्तिशी जवळ येत होती आणि त्याचं लग्न हे माझ्या गुडघ्यांवर आलेलं काम होतं. एसटीनं किती गावं पालथी घातली ते माझे गुडघेच जाणतात. कळमनुरीकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो, तर यानं पिशवीतून छापील फॉर्म काढून मुलीच्या हातात दिला आणि “सावकाश भरा,” म्हणाला. मुलीचे मामा उठून उभे राहिले. “पाव्हणे, हे लगीन हाये का भरती?” पोहे यायच्या आत आम्ही वारंगा फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे. मी चहाचा कप धरून डोळे मिटले होते. तो म्हणाला, “अर्धाच भरला दाजी तिनं. अक्षर चांगलं व्हतं.”

त्या संध्याकाळी आमची ही त्याच्यावर बरसली. “आता तुझं तूच बघ. तुझ्या दाजीचे पाय गेले तुझ्यापायी.” तेव्हा त्यानं सांगितलं की तो समाजातल्या मुलामुलींसाठी वधू-वरांची वेबसाईट करून राहिलाय. म्हणजे कुणी कुणाच्या दारात जायला नको, पोहे नकोत, मामा नकोत. ज्याला जे स्थळ आवडेल त्यानं फॉर्म भरून पाठवायचा. पहिलं स्थळ त्यानं स्वतःचंच टाकलं. जिल्हा तेव्हा परभणीतून फुटून नवाच झाला होता. बाहेरच्या वेबसाईटींच्या यादीत परभणी असायचं, हिंगोली नसायचं, आणि याला नेहमी ‘इतर’ निवडावं लागायचं. “आपण इतर हाव का दाजी?” असं तो मला तळमळून विचारायचा, जणू यादी मी केली होती. त्याच्या स्वतःच्या यादीत हिंगोली पहिली होती, तालुक्यांसकट. फॉर्मात नाव, वय, तालुका, शिक्षण, फोन. “लेकरा, माणसाला दोन शब्द बोलायला जागा ठेव की,” असं अक्कानं दटावलं म्हणून शेवटी एक मोठा रकाना: ‘तुम्हाला काय सांगायचं आहे?’ आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत, ‘कृपया मराठीतच लिहा.’

आलेले फॉर्म रविवारी छापून फाईल करायचं काम माझ्याकडं आलं. ते मी कुठल्याही सरकारी कामासारखंच, म्हणजे न वाचता, करत असे. लाल अक्षरं कुणी मनावर घेतली नव्हती. सगळे इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचे, मुलगी सुशील, नोकरी पाहिजे, वगैरे. एका रविवारी एक कागद निघाला, त्यावर दोन-तीन रकाने सोडले तर नुसती प्रश्नचिन्हं. मला वाटलं, छपाईयंत्र बिघडलं. मागची बाजू कोरी होती. कोरा कागद टाकवत नाही, त्यामुळं घरी आणून त्यावर मी मिरच्या कांडायची यादी केली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

दोनेक महिन्यांनी मेव्हणा जेवायला आला. भाकरी मोडता मोडता त्याची नजर खिळ्यावर गेली. वाऱ्यानं कागद उलटला होता.

“दाजी, हे काय हाये?”

“मिरच्यांची यादी.”

“मागं.”

“मागं काही नाही रे. खराब छापलंय.”

त्यानं खरकट्या हातानंच कागद काढला. पाहत राहिला. त्याचा घास तोंडातच होता. आमची ही म्हणाली, “अरे, काय झालं?” त्यानं घास गिळला आणि मग सांगितलं. वर स्थळाचा क्रमांक एक होता, म्हणजे हा फॉर्म त्याच्याच स्थळासाठी आला होता, आणि त्याच्यासाठी आलेला तो एकुलता एक होता. त्या मुलीनं, लाल अक्षरांत सांगितलं होतं तसं, सगळं मराठीतच टाईप केलं होतं. पण तिकडं ज्या कप्प्यात माहिती ठेवली जायची, त्याला इंग्रजीपलीकडचं अक्षर ठाऊक नव्हतं. ओळखता येईना त्या प्रत्येक अक्षराच्या जागी त्यानं एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. वेबसाईट सुरू करताना यानं तपासून पाहिलं तेव्हा स्वतःचं नाव सवयीनं इंग्रजीत टाकलं होतं, त्यामुळं सगळं बराबर पोचलं होतं.

“मग ते परत काढ की,” मी म्हटलं.

“न्हाई निघत. तिथं आता प्रश्नचिन्हच हाये दाजी.” मग कागद उजेडाकडं धरून, “अक्षरं गेली, पण शब्दांच्या मधली जागा बराबर आली. पूर्णविराम बी आले.”

शेवटचा रकाना काठोकाठ भरलेला होता. दहा ओळी.

वय आकड्यात होतं, म्हणून राहिलं: सत्तावीस. तालुका यादीतून निवडलेला, म्हणून राहिला: औंढा. फोनचा नंबरही शाबूत. सरळ फोन लावावा ना? नाही. आठ दिवस तो चिन्हं मोजत बसला. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा मोजायचा, असं त्यानं आम्हाला शिकवलं, आणि आम्हीही वेड्यासारखे बोटांवर मोजायला लागलो. तिसऱ्या ओळीत पाच चिन्हांचा एक शब्द दोनदा आला होता.

“माणूस,” तो म्हणाला. “मोजा. पाच भरतात.”

आमच्या हिनं मोजून पाहिलं आणि म्हणाली, “हुंडाही पाचचाच होतो.”

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी हिनंच फोन लावला. पलीकडून मुलीचे वडील बोलले. “जय भीम. या की, बाजाराच्या दिवशी या,” एवढंच म्हणाले.

तिच्या गावी, जवळा बाजारला उतरलो तेव्हा कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. मेव्हण्यानं नवा शर्ट घातला होता आणि वाटभर एकही प्रश्न विचारला नव्हता. वडील साधे, निवृत्त मास्तर. मुलगी गावातल्या कॉम्प्युटर क्लासात मराठी टायपिंग शिकवत होती. मास्तरांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, “तुमी फोन केला, घरी येऊ नका कसं म्हणावं? पण सांगून टाकतो. मागल्या पंधरवड्यात तिचा साखरपुडा झाला. पोरगं नांदेडला हाये. चांगलं हाये.”

मी ‘छान, छान’ म्हणालो. अशा वेळी माझ्या तोंडून नेहमी तेच निघतं. ती पाणी घेऊन आली. मेव्हणा उभा राहिला.

“तुमचा अर्ज आला व्हता.”

“माहीत हाये मला,” ती म्हणाली.

“कसं?”

“बटण दाबल्यावर आलं होतं की. ‘आपली माहिती मिळाली, धन्यवाद.’” तिनं तांब्या खाली ठेवला. “दीड महिना वाट पाहिली मी. मग म्हटलं, वाचलं असंल अन् आवडलं नसंल.”

त्यानं खिशातून कागद काढून तिला दिला. तिनं आधी मिरच्यांची यादी वाचली. तिला थोडं हसू आलं, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. मग तिनं कागद उलटला. ओळींवरून बोट फिरवलं. टायपिंग शिकवणारी ती, तिला समजावून सांगायला लागलं नाही.

“सगळंच गेलं?”

“जागा आल्या,” तो म्हणाला. मग अगदी हळू, “काय लिहिलं व्हतं?”

तिनं वडिलांकडं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बाजार पाहत होते. “आता ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, आणि कागद घेऊनच आत गेली.

परतीच्या गाडीत वसमत येईपर्यंत तो रिकामा खिसा चाचपत होता. स्टँडवर उतरता उतरता म्हणाला, “दाजी, ते ‘मिळाली’ मीच लिहिलं व्हतं. पुडकं दारात आलं, एवढंच कळतं त्याला. कुणी वाचलं का न्हाई, ते त्याला कुठून कळणार?” मी त्याला चहा पाजला. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. त्या यादीचं मी त्याच्याजवळ कधी बोललो नाही, त्यानंही कधी काढलं नाही.

दोन दिवसांत त्यानं तो कप्पा दुरुस्त केला. आता मराठी अक्षर न् अक्षर येतं. वेबसाईटवरून कितीतरी लग्नं जुळली. आम्ही नवरा-नवरीवर फुलं टाकतो, जेवतो, परत येतो. तो अजून एकटाच आहे, आणि हल्ली त्याला आग्रह करायचं त्राण ना त्याच्या अक्कात उरलंय, ना माझ्यात. एक बदल मात्र आहे. बटण दाबलं की आता तिथं येतं: ‘आपला अर्ज इथवर आला आहे. तो अजून कुणी वाचलेला नाही. आठ दिवसांत आमचा फोन आला नाही, तर वाट पाहत बसू नका. तुम्हीच फोन करा.’ लोक हसतात. असं कुठं लिहितात का, म्हणतात.

रविवारी मी त्याच्या दुकानात जातो. चष्मा पुसून एकेक अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मग फोन लावतो. “वसमतहून बोलतोय. तुमचं लिहिलेलं वाचलं हो.” पलीकडं कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतं. मग एखादा बाप, एखादी पोरगी, “बरं झालं,” म्हणते. मेव्हणा शेजारी बसलेला असतो. मी फोन ठेवेपर्यंत तो कळफलकाला हात लावत नाही.