बाबांचं ‘दीदी माव’

घर सोडलं त्या दिवशी मी बॅगेची चेन ओढत होतो आणि खाली फाट्यावर एसटीने हॉर्न दिला. आई दह्याची वाटी घेऊन दारात उभी, माझी एक चप्पल सापडेना, आणि अंगणातून बाबांचा एकच घोशा, “दीदी माव! दीदी माव!” मी दही चाटलं, बॅग उचलली आणि पळत सुटलो. मागून आई म्हणत होती, “अरे, घराला येतो म्हण रे. असा काय निघालास?” मी नुसता हात हलवला. पोलादपूर येईपर्यंत मला बाबांचा राग येत होता. मुलगा परदेशी चाललाय आणि बापाला त्याला घालवायची काय ती घाई.

कुडपणच्या वाटेवर आमची वाडी. आमच्या घरात बाहेर पडताना उंबऱ्याकडे तोंड करून ‘येतो’ म्हणतात. घरात कुणी नसलं तरी म्हणतात. बाबा महाडच्या बाजाराला निघाले, तरी कुलूप लावून बंद दाराला सांगूनच पायरी उतरायचे. मी मात्र साडेतीन हजार किलोमीटरवर चाललो होतो आणि काही न बोलता निघालो.

‘दीदी माव’ बाबांना फौजेत मिळालं. ते हवालदार होते आणि त्यांच्या उस्तादाला, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याला, इंग्रजी युद्धपटांचं वेड होतं. व्हिएतनामात लढायला गेलेले अमेरिकन सैनिक तिथलेच शब्द तोडूनमोडून वापरायचे. ते सिनेमात आले, सिनेमातून उस्तादाच्या तोंडी, आणि तिथून आमच्या अंगणात. ‘दीदी माव’ म्हणजे चल, पळ, हट. ‘डिंकी डाव’ म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द शेजारच्या बैलासाठी राखून ठेवलेला. पुढे मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात मला ‘सिन लॉय’ मिळालं. समोरच्याला उडवायचं आणि म्हणायचं सिन लॉय, म्हणजे तुझं नशीब, बाबा. महाडच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून मी व्हिएतनामात सायगॉनजवळच्या औषधांच्या कारखान्यात आलो, तेव्हा मला वाटत होतं की अर्धी भाषा तर मी घरूनच आणलीय. मोठा शहाणाच होतो.

त्याला आता चार वर्षं झाली. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं, म्हणून उरलेली अर्धी भाषा शिकायची राहूनच गेली. मी वरच्या खोलीत राहतो आणि खाली घरमालकीण, बा साउ. ‘बा’ म्हणजे आजी. इथे आजी, काका, ताई असं नातं लावल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही. एवढ्या बाबतीत हा देश अगदी आपल्यासारखा आहे.

यंदाच्या पावसात आमच्या वाडीमागच्या डोंगराला भेग पडली. सगळ्यांनी खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं ठरलं. लोक गेले. आई महाडला माझ्या बहिणीकडे गेली. बाबा हलायला तयार नाहीत. “गोठ्यात म्हस हाय. माझं मी बघतो.” मी रोज उठल्याबरोबर मोबाईलवर महाडचा पाऊस बघायचो आणि मग त्यांना फोन लावायचो. जेवण गोड लागेना, कामात चुका, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या. शेवटी फोनवर खेकसायचोच, “बाबा, दीदी माव करा आता.” ते हसायचे आणि फोन ठेवायचे.

अशाच एका सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. कंपनीची बस यायची वेळ झाली होती आणि बा साउ जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत बसलेली. मी वरूनच टाळ्या वाजवत, थेट बाबांच्या सुरात, ‘दीदी माव’ म्हणून ओरडलो. ती इतक्या चटकन उठली की टोपली कलंडली. तिचे दोन्ही हात डोक्याकडे गेले आणि अर्ध्यात थांबले. मला वाटलं, दचकली असेल. खांदे उडवून हसत म्हटलं, सिन लॉय. तिने आत जाऊन दार लावलं. बाबांचा फोन दुपारी लागला, ते म्हशीमागे गेले होते; पण बा साउ तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लॅबमधल्या मिनला, माझ्या इथल्या सहकाऱ्याला, हे सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. “शब्द वाईट नाहीत,” तो म्हणाला. “शाळेला उशीर झाला की माझी आईही मला हेच म्हणायची, जा बाळा लवकर. पण तिच्या म्हणण्यात बाळ असायचं. परक्या माणसाने नातं न लावता ओरडलं, की त्या वयाच्या लोकांना बंदुका आठवतात. आणि सिन लॉय म्हणजे तुझं नशीब नव्हे. ती माफी आहे, आणि ती खरीच मागायची असते.”

संध्याकाळी मिनला घेऊन मी खाली गेलो आणि त्याने शिकवलं तसं तिच्याच भाषेत म्हटलं, आजी, नातवाला माफ कर. तिने चहा दिला. मग सांगू लागली आणि मिन मला अर्थ सांगत गेला. ती नऊ वर्षांची असताना अमेरिकन सैनिक गावात शिरले ते हेच ओरडत. आईने चुलीवरचा भात तसाच टाकला आणि सगळे ट्रकमध्ये चढले. ते घर तिला पुन्हा दिसलं नाही. “जा, जा सगळेच म्हणत होते,” ती म्हणाली, “परत या असं कुणीच म्हणालं नाही.”

मला लाज वाटली. बाबांशी मी दुसरं काय करत होतो?

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. “बाबा, चुकलो. मी तुम्हाला हाकलत होतो. म्हस सोडून बरोबर घ्या, कुलूप लावा आणि घराला येतो म्हणून सांगा. पाऊस सरला की परत यायचंच आहे.”

बाबा म्हणाले, “येतो म्हटलं म्हंजे यावं लागतं रे.” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये बसलो होतो तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात म्हशीचं दावं, मागे आमच्या दाराला कुलूप.

“सांगितलंत घराला?” मी विचारलं.

“माझं झालं. तुझं राहिलंय.” मग म्हणाले, “तवा मीच घाई केली. थांबला असतास तर मी तुला जाऊ दिला नसता.”

एवढं बोलून त्यांनी मोबाईल दाराकडे फिरवला. बसमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी दाराला म्हटलं, येतो.