मागच्या टाकीचा पंप

आमच्या रांगेतल्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. नाव पडलं ते कामाच्या तऱ्हेवरून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. बरं, स्वतः ऐकून भागत नाही, गाडीच्या मालकालाही ऐकायला लावतो. मालक "हो, ऐकलं" म्हणाल्याशिवाय बिघाड काय ते सांगणार नाही. माझं पंक्चरचं दुकान त्याला लागूनच, त्यामुळे त्याची खोळंबलेली गिऱ्हाइकं माझ्याच बाकड्यावर येऊन बसतात. पण तीस वर्षांत त्याने कोणाला खोटा बिघाड सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्याचा थोरला भाऊ सुतार होता. दारं-खिडक्या पोचवायला त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती, दोन टाक्यांची. प्रत्येक टाकीत वेगळा पंप, आणि टाकी बदलायला स्टिअरिंगजवळ बटण. मागचा पंप बरेच दिवस कुरकुरत होता, तापला की गाडी बंद. कानसेनने तो ऐकला होता, भावालाही ऐकवला होता. "पुढच्या आठवड्यात बदलू," असं तो तीनदा म्हणाला. घरचं काम, मागे पडत गेलं.

एका दुपारी रंधा मारता मारता भावाच्या छातीत कळ आली. मुलीने त्याला पिकअपमध्ये बसवलं आणि ती दवाखान्याकडे निघाली. वाटेत गाडी बंद पडली. वीस मिनिटांनी एका अंड्यांच्या टेम्पोवाल्याने दोघांना उचलून नेलं. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरच्यांनी गाडीला शिव्या घातल्या. कानसेनला कोणी चकार शब्द बोललं नाही, पण तो मागचाच पंप असणार हे त्याने ओळखलं आणि तो ढिम्म झाला. रडला नाही. भावाच्या घरी जाणं त्याने बंद केलं. वेळेवर गॅरेज उघडायचा, समोर ठेवलेला डबा खायचा, विचारलं तेवढं बोलायचा. पिकअप आम्ही दोरीने ओढून आणली होती, ती अठरा दिवस माझ्या टायरांशेजारी धूळ खात उभी राहिली. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, बघ तरी तिला!"

"बघायचं काय त्यात?" तो म्हणाला.

एकोणिसाव्या दिवशी पुतणीचा फोन आला. गाडी का बंद पडली ते विचारायला ती संध्याकाळी येणार होती. तेव्हा कुठे कानसेन उठला. बटण मागच्या टाकीवर होतं. मी चावी फिरवली, त्याने खाली पडून टाकीला स्क्रूड्रायव्हर लावला. आवाज नाही. वायरीला बल्ब जोडला तर तो लागला, म्हणजे वीज पोचत होती आणि पंपच मेला होता. मग मी बटण पुढच्या टाकीवर केलं. पुढचा पंप लगेच घुमला. टाकीही जवळजवळ भरलेली होती.

कानसेन गाडीखालीच पडून राहिला.

"एक बटण दाबलं असतं तर चालली असती रे," तो म्हणाला.

"तिला ठाऊक नसेल."

"आणि आता कळलं तर? पोर जन्मभर स्वतःला खात बसेल."

त्याने पुढच्या पंपाची वायर ओढून काढली. मी त्याला अडवलं नाही.

पुतणी आली. अंगात बापाचाच शर्ट, बाह्या दुमडलेल्या. कानसेनने तिला दोन्ही टाक्या ऐकायला लावल्या. मी चावी फिरवत होतो.

"दोन्ही मेलेत," तो म्हणाला. "तुझ्या हातात काही नव्हतं. चूक माझी. मी चालढकल केली."

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पुढचा चालू होता, काका."

कानसेनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"बाबांची मान कलली तेव्हा गाडी चांगली पळत होती," ती म्हणाली. "मी हाका मारल्या, नाडी पाहिली. ते गेले होते. मग गाडी बंद पडली. मी बटण फिरवलं, लगेच सुरू झाली. पण आता कशाला घाई करायची? बंद केली. बटण होतं तसं परत फिरवलं, बाबांना वस्तू जागच्या जागी लागायची ना. आणि त्यांचा हात धरून बसले. नंतर सगळे विचारायला लागले, एवढा उशीर का झाला? नुसती बसून राहिले हे कोणाला सांगू? म्हटलं, गाडी बंद पडली."

"म्हणजे बंद पडायच्या आधीच?"

"आधीच."

त्याने तेच पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही घरी यायचंच सोडलंत. मला वाटलं, वेळेत नेलं नाही म्हणून तुम्हाला माझं तोंडही बघायचं नाही. शेवटी गाडीचं निमित्त काढून मीच आले."

कानसेन खाली बसला. त्याला रडू फुटलं. मी पिकअपची चावी काढून घेतली आणि दोघांना तिथेच सोडून दुकानात गेलो.