सिद्धम्माने सोडलेली पट्टी

वालूरच्या शिवारात पावसाळा सरता सरता भोरड्या यायच्या. काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची पाखरं. कुठल्या दूर मुलखातून यायची देव जाणे, पण आमच्याकडं आली की त्यांचा डोळा थेट ज्वारीवर. कणसात चीक भरला की थवेच्या थवे उतरायचे आणि बघता बघता शेत खरवडून न्यायचे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या सिद्धम्माचा नवरा शिवलिंग पेरणी झाल्यावर तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. दीर बसवंतराव बांधाला बांध लागून होता. दुखवटा सरायच्या आत त्यानं गावासमोर सांगून टाकलं, "वैनी, राखण बाईमाणसाचं काम न्हाई. शेत मी वाहतो. तुमी माहेरी जावा." त्या माणसाचा मला अजून राग येतो.

सिद्धम्मा रडली नाही. "ज्वारी घरात येऊ द्या भावजी," म्हणाली. "न्हाई आली तर माझी मी जाते."

बाई ठसक्याची. अंबाडीची गोफण स्वतः वळली, राखणीचा माळा बांधून घेतला. पहाटे आंघोळ करून तिथंच गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाणी प्यायची. उजाडलं की गोफण. पण गोफणीत दगड घालेना. "ज्या हातावर सकाळी देव बसतो, त्याच हातानं पाखराच्या जिवावर दगड भरू व्हय?" दगडाऐवजी वाळलेलं ढेकूळ भरायची. ते हवेतच फुटायचं आणि ताटांवर मातीचा सडा पडायचा. बसवंतरावाच्याही गळ्यात लिंग होतंच, पण त्याचा देव पूजेपुरता. तो खुशाल गोटे भिरकावायचा.

सुरुवातीला सिद्धम्माचे हालच झाले. इथून उठवलेली पाखरं तिथं बसायची, तिथून उठवली की परत इथं. शेतभर कणसं टोचलेली दिसायला लागली. बसवंतराव बांधावरून हसायचा. मला तर वाटलं, गेली आता ही माहेरी.

तिनं मात्र एक हेरलं होतं. कितीही हाकला, भोरड्या आधी ओढ्याच्या बाभळींवर टेकायच्या आणि तिथून लगतच्या ज्वारीच्या ओळींत उतरायच्या. मग तिनं बाभळींकडची पट्टी सोडूनच दिली. तिथं गोफण नाही, हाळी नाही. पट्टी ओलांडून आतल्या रानात एक पाखरू आलं की मात्र फाडकन आवाज आणि डोक्यावर माती.

"वैनी, पाखरं ज्वारी खायलेत अन तुमी नुसतं बघायल्यात!" बसवंतराव ओरडला. त्याला वाटलं, बाई हरली. त्यानं तिच्या शेतात पुढच्या साली काय पेरायचं तेही गावात बोलून दाखवलं.

भोरड्या हुशार. कुठं निवांत खाता येतं ते त्यांना लवकर उमगलं. थवा यायचा तो सरळ पट्टीत, पोट भरलं की बाभळीवर कलकलाट. पट्टीची पार चिपाडं झाली, पण आतलं रान तसंच उभं राहिलं. बसवंतराव गोटे मारून सगळीकडून उठवत होता, म्हणून त्याच्याकडं पाखरं सगळीकडं बसत होती.

फाल्गुनात पळस फुलला तशी पाखरं फुलांकडं वळली आणि पुढं एका सकाळी बाभळी मुक्या झाल्या. सिद्धम्माच्या खळ्यावर तेव्हा ज्वारीची रास पडली होती. पांढरीशुभ्र. मला इतका आनंद झाला की मीच राशीला नमस्कार केला.

बसवंतराव आला. राशीभोवती फिरला, दाणे हातात घेऊन पाहिले. तरी खोड जाईना. "पाखरं गेली वैनी. आता तुमी बी माहेरी जाऊन ऱ्हावा."

सिद्धम्मानं पाटी भरली.

"पाखराला दोन मुलूख असत्यात, भावजी. मला ह्यो एकच हाय. आलाव तर हात लावा."

बसवंतरावानं गुमान पाटीला हात लावला.