भासऱ्यासमोरची साक्ष

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी नागपुरात एका बड्या फौजदारी वकिलाकडे ज्युनिअर होतो. काळा कोट नवा होता आणि अक्कल त्याहून नवी.

कुहीकडच्या एका शेतकऱ्याची केस आमच्याकडे आली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून त्यानं भर दुपारी धाकट्या भावाच्या बायकोवर विळ्यानं वार केले, असा आरोप होता. तिचा नवरा बाजाराला गेलेला, पाहणारं दुसरं कोणी नाही. तिनं ओळखलं तर याला शिक्षा, नाही तर सुटका, एवढाच मामला.

सीनियर काळजीत होते. शहाणपणा मीच केला. मी त्याच भागातला. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई पदर नाकापर्यंत ओढते आणि मान वर करत नाही. म्हटलं, "सर, तिनं त्याचं तोंड कधी पाहिलं, तेवढंच विचारा." त्यांनी माझी पाठ थोपटली. मी हरखून गेलो.

साक्षीच्या पिंजऱ्यात चढताच तिला आरोपी दिसला आणि ती सवयीनं, डाव्या हातानं पदर ओढून भिंतीकडे वळली. न्यायाधीशांनी दोनदा सांगूनही तोंड इकडे करेना.

"बाई, लग्नाला अकरा वर्षं झाली. यांचं तोंड कधी पाह्यलं?" सीनियरांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग ओळखलं कसं?"

"पायावरून. अकरा वर्षं त्याईचे पायच पाह्यले ना. त्या दिवशी बी खालीच पाहून राहिली होती मी. डावा अंगठा वाकडा हाय."

आरोपीला चप्पल काढायला लावली. अंगठा वाकडाच होता. "चिखलात राबणाऱ्या निम्म्या गावाचे अंगठे वाकडे असतात, साहेब," सीनियर म्हणाले. हशा पिकला. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

महिन्याभरानं निकाल लागला. संशयाचा फायदा, निर्दोष सुटका.

व्हरांड्यात ती नवऱ्याची वाट पाहत उभी होती. सगळ्यांना परत एकाच घरात जायचं होतं. भासरा बिडी पेटवत बाहेर आला. ती लगबगीनं भिंतीकडे वळली, पदर ओढायला गेली. पण डाव्या हातात गाठोडं होतं आणि उजव्या हाताची बोटं विळ्यानं कामातून गेलेली, मिटेनात. तेव्हा तिनं पदराचा काठ दातांत धरला आणि तो जाईपर्यंत तशीच मान खाली घालून उभी राहिली.