उपटलेला खांब

आज सकाळी खाणीच्या दोन माणसांनी आमच्या घरामागचा हद्दीचा खांब पहारीने उपटला. खाणपट्ट्यातला डोंगराचा वरचा भाग कंपनीने सोडून दिला होता. तिथे, आंब्याखाली, आमच्या राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. खांबापलीकडे जायला बंदी, म्हणून इतकी वर्षं आम्ही खांबापाशीच थांबायचो, डोंगराकडे तोंड करून नारळ फोडायचो, गाऱ्हाणं घालायचो. ते वर ऐकू जातं का, हे कुणी विचारलं नाही.

शेजारची शेवंताकाकी नवं लुगडं नेसून, नारळ घेऊन आली. खांबाच्या खड्ड्यापाशी थांबली, हात जोडले आणि फाटकन नारळ फोडला. तिथेच!

"काकी, आता वर जावक गावता गे!" मी ओरडले.

ती खड्ड्याकडे बघत राहिली. खांब जमिनीतून उपटायला एक पहार पुरते. पायांतून तो कसा निघायचा?

मग काकी खदखदून हसली. "बघतंस काय? धाव, दुसरो नारळ घेवन ये!"

पन्नाशीतली मी परकरी पोरीसारखी धावत सुटले. परत येते तर काकी थांबलीच नव्हती. अर्ध्या डोंगरावरून मला हाका मारत होती.