साहेबांच्या हातचं रोप

"मॅडम, बाया आंब्याखाली बसून राह्यल्या. कोणतं रोप कुठं लावू, सांगा जल्दी!"

फोन धावड्याहून, शेतावरून होता. बोलत होता गजाननभाऊ, आमच्या कंपनीचा तिथला फील्ड इन्चार्ज. फोन मला नव्हता, शेजूळ मॅडमना होता. पण मॅडम तो स्पीकरवर ठेवून माझ्याच टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रोग्रामर आहे. असं अपॉइंटमेंट लेटरवर लिहिलंय. ऑफिसात मला 'प्रिंटरवाल्या हिवराळे मॅडम' म्हणतात, कारण माझ्याकडे लोक येतात ते कागद अडकला की. शेजूळ मॅडम पहिल्यांदाच दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या.

मॅडम ब्रीडर. म्हणजे दोन वाणांचा संकर करून त्याहून बरं तिसरं वाण काढणाऱ्या. मिरचीचं एक वाण त्यांनी कित्येक वर्षं झटून तयार केलं होतं. पुढच्या वर्षी त्या रिटायर होणार होत्या. धावड्याच्या ट्रायलमध्ये ते वाण वरच्या दोघांत आलं तर बाजारात जाणार. ट्रायलच बाद झाली तर बी कोल्ड स्टोरेजमध्ये आणि मॅडम घरी. मागाहून ते कोणी बाहेर काढेल, याची खात्री त्यांनाही नव्हती.

ट्रायल म्हणजे वाणांची शर्यत. पण शेत काही सगळीकडे सारखं नसतं. बांधाकडे ओल टिकते, रस्त्याकडे मुरूम लागतो. एकाच वाणाला सगळ्या चांगल्या जागा मिळाल्या तर ते जिंकणारच, त्यात त्याचं काय कौतुक? म्हणून शेताचे नऊ आडव्या, नऊ उभ्या ओळींत चौकोनी तुकडे पाडतात. त्यांना प्लॉट म्हणायचं. नऊ वाणांना एक ते नऊ नंबर द्यायचे. प्रत्येक नंबर आडव्या ओळीत एकदाच, उभ्या ओळीत एकदाच आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकात एकदाच. तुमच्या लक्षात आलंच असेल. पेपरात येतो तोच सुडोकू, फक्त पेनाऐवजी खुरपं.

मॅडमनी याचा रीतसर प्लॅन केला होता. तो मंजुरीसाठी वर गेला आणि वरच राहिला. तेवढ्यात अक्षयतृतीया आली. मोठ्या साहेबांना मुहूर्ताची भारी हौस. ते सकाळीच धावड्याला गेले, नारळ फोडला, मागे डोंगर दिसेल अशी जागा बघितली आणि हाताला लागला त्या ट्रेमधलं रोप लावलं. फोटो निघाला, कंपनीच्या ग्रुपवर पडला, सगळ्यांनी हात जोडले. साहेब परत निघाले. जाताना म्हणाले, "आजचा दिवस चांगला आहे गजानन, थांबू नको."

गजाननभाऊ थांबला नाही. साहेबांनी जिथं एक रोप लावलं तो प्लॉट त्याच वाणाने पुरा केला आणि तिथून पुढे निघाला. माणूस हुशार. नियम त्याला ठाऊक होता. कुठेही एकाच ओळीत, एकाच चौकात नंबर दोनदा येऊ दिला नाही. पाव शेत लावून झाल्यावर मात्र त्याचा पाय अडला. जो नंबर लावायला जावं, तो आधीच कुठंतरी आडवा येत होता.

"सगळं उपटून पहिल्यापासून लावता येत नाही का?" मी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी सोडलंय. आता उपटलं की मुळं तुटणार. दोनदा लावलेलं रोप मागे पडतं. मग वाण वाईट की रोप दमलेलं, हे कोण सांगणार? जास्तीची रोपं एखाद्या प्लॉटपुरतीच आहेत."

"अन् बाया उद्याच्याला न्हाईत मॅडम," स्पीकरमधून आवाज आला. "गावात लगीन हाये. दिवस मावळायच्या आत झालं पायजे. ट्रेमधी रोपं लांबून राह्यली."

गजाननभाऊने लावलेल्या प्लॉटचा तक्ता मोबाईलवर पाठवला. सुडोकू सोडवणारी ॲप ढिगाने मिळतात. एकात तो तक्ता टाकला. ॲप म्हणालं, 'इनव्हॅलिड पझल'. दुसरंही तेच म्हणालं. नियम तर कुठेच मोडला नव्हता, म्हणजे पुढची वाटच बंद होती. ते तर गजाननभाऊने फुकटात सांगितलं होतं. मला हवं होतं ते वेगळंच. वाट बंद करणारा प्लॉट कोणता? असा एखादाच प्लॉट आहे का, जो मोकळा केला की बाकीचं शेत सुटेल? ते सांगणारं ॲप मला मिळालं नाही. मग म्हटलं, आपणच लिहू.

असा प्रोग्राम लिहायला दोन गोष्टी लागतात. पहिली रिकर्शन. म्हणजे प्रोग्रामने एक रिकामं घर भरायचं आणि उरलेल्या घरांसाठी पुन्हा स्वतःलाच हाक मारायची. ती हाक पुढचं एक घर भरते आणि परत स्वतःला हाक मारते. दुसरी बॅकट्रॅकिंग. पांदणीने चाललोय आणि पुढे कुणी काट्या लावून वाट बंद केलीय. आपण काय करतो? थेट घरी परत येत नाही. मागच्या फाट्यापर्यंत येतो आणि दुसरी वाट धरतो. प्रोग्रामही तेच करतो. कुठलाच नंबर बसेना की एक घर मागे येतो, तिथला नंबर बदलतो, पुन्हा पुढे जातो. दमत नाही आणि शिव्याही देत नाही, एवढाच माणसात आणि त्याच्यात फरक.

मी लिहिला. त्याला सांगितलं, लावलेल्यांपैकी एकेक प्लॉट मोकळा धर आणि शेत सुटतं का बघ.

सगळ्यांना उत्तर आलं, 'नाही'.

शेजूळ मॅडम खुर्चीवर बसल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. कित्येक वर्षांची मेहनत आणि तिचा निकाल माझ्या स्क्रीनवर दोन अक्षरांत लागावा!

पण प्रोग्रामरने स्वतःच्या प्रोग्रामवर सगळ्यांत शेवटी विश्वास ठेवावा. शिपायाच्या स्टुलावर पेपर पडला होता. त्यातला सुडोकू टाकून बघितला. छापलेल्या सुडोकूला उत्तर असतंच. माझा प्रोग्राम म्हणाला, 'नाही'. मला इतका आनंद झाला की मॅडम दचकल्या.

"काय झालं?"

"माझंच चुकलंय मॅडम! शेताचं नाही!"

चूक सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्राम मागे फिरत होता, पण फिरताना आधी ठेवलेला नंबर उचलत नव्हता. तो तिथंच बसून पुढच्या वाटा अडवत होता. मागे फिरायचं तर घर पुन्हा रिकामं करायला लागतं. त्याची एक ओळ असते. ती लिहायची राहिली होती. ओळ घातली, पेपरातला सुडोकू चुटकीसरशी सुटला. मग धावड्याचं शेत टाकलं.

'नाही, नाही, नाही' करत यादी खाली गेली आणि एका प्लॉटला 'हो' म्हणाली. एकच.

मी गजाननभाऊला प्लॉट सांगितला. पलीकडे तो ओळी मोजत चालल्याचं ऐकू आलं.

"गजाननभाऊ?"

"मॅडम, त्यो तर साहेबाचा हाये."

"मग?"

"मंग काय! साहेबांच्या हातचं रोप उपटू? उद्या साहेब मलाच उपटतील. दुसरं एखादं बघा ना."

दुसरं बघितलं. साहेबांचं रोप जागेवर ठेवायचं तर बाकीचे बरेच प्लॉट उपटावे लागत होते. तेवढी रोपं नव्हती.

"मॅडम, तुम्हीच साहेबांना सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "साहेबांनी लावलंय सहा नंबर. ते माझंच वाण. मी बोलले तर म्हणतील, मॅडमना आपल्या वाणासाठी जागा बदलून हवीय."

तेही बरोबर होतं. राहिले मी. प्रिंटरवाल्या बाईचं कोण काय बिघडवणार? साहेबांना फोन लावला.

"सर, हिवराळे बोलतेय, आयटीतून."

"हां. झाला का प्रिंटर?"

"झाला सर. सर, सकाळी तुम्ही लावलेलं रोप काढावं लागतंय."

"का? मेलं का?"

"नाही सर, छान आहे. जागा चुकलीय."

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर, सर."

"आपला? पगाराच्या दिवशी बंद पडला होता, तो?"

"तोच, सर."

मी 'हो' आलेला प्लॉट पुन्हा एकदा तपासून घेतला.

"फोटो निघालाय ना?"

"निघालाय सर. ग्रुपवर आहे."

"मग काढा की! मला काय त्याच्या सावलीत बसायचंय?"

आम्ही उगाच घाबरलो होतो. मी पूर्ण भरलेला तक्ता धावड्याला पाठवला. दिवस मावळायला शेवटचा प्लॉट लागला. गजाननभाऊने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बराबर बसलं मॅडम.' शेजूळ मॅडमनी त्या दिवशी अख्ख्या आयटी डिपार्टमेंटला भजी खाऊ घातली. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मीच.

गोष्ट इथंच संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

पहिल्या तोड्याला मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. मिरची तोडायची, प्लॉटप्रमाणे वजन करायचं आणि आकडे तिथंच लॅपटॉपवर चढवायचे. ज्या शेताचा सुडोकू मी सोडवला, ते मी पहिल्यांदाच बघत होते. ओळीतून चालताना फार भारी वाटत होतं. मॅडम पुढे होत्या. त्या एका प्लॉटपाशी थांबल्या.

"गजानन, हे काय?"

प्लॉटमध्ये सगळीकडे आखूड, जाड मिरची. कडेच्या एकाच झाडाला लांब, सडपातळ, गर्द हिरवी. झाड लगडलं होतं. मलासुद्धा कळलं की हे इथलं नाही.

गजाननभाऊने टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेबांच्या हातचं हाये मॅडम. बाकीची समदी उपटली. हे एक राहू दिलं. साहेब म्हनले काढा, पन माझा हात व्हईना. एका झाडाचं काय वजन अस्तंय?"

"झाडाचं नसतं. मिरचीचं असतं," मॅडम म्हणाल्या.

मला हसू आवरेना. हा तर माझाच बग, म्हणजे प्रोग्रामातली ती चूक होती, शेतात उगवलेली आणि वर मिरच्या लागलेली. गजाननभाऊ मागे फिरला होता, पण ठेवलेलं उचललं नव्हतं. मी एक ओळ विसरले होते, त्याने एक रोप राखलं होतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या वाकल्या. झाडाच्या मिरच्या त्यांनी एकदा हाताने चाचपल्या. त्यांचंच वाण ते, आणि त्या शेतात त्याच्याइतकं लगडलेलं झाड मला दुसरं दिसलं नव्हतं. पण उभं होतं दुसऱ्याच्या प्लॉटात, आणि त्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. राहू दिलं असतं तर ट्रायल खोटी. मॅडमनी बुडाशी धरलं आणि मुळासकट उपटलं.

"एक रोप कमी, असं लिहा," त्या मला म्हणाल्या. "कमी असलेलं चालतं. परकं चालत नाही."

मी तसं लिहिलं. गजाननभाऊ टोपी हातात धरून उभा होता. ते झाड शेंड्यापासून मुळापर्यंत बघत मॅडम बांधावर जाऊन बसल्या.

ट्रायल मंजूर झाली. सहा नंबर दुसरा आला. पहिला कोण ते सांगायची मला परवानगी नाही, पण वरचे दोघे पुढे जातात. मॅडम रिटायर झाल्या तेव्हा त्यांचं वाण पाकिटात गेलं होतं. पाकिटावरची अक्षरं कंपनीच्या प्रिंटरवर छापून बघायची होती, तेव्हा मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. कागद अडकला नाही.

माझ्या धंद्यातला धडा एवढाच, की मागे फिरायला हरकत नसते, पण फिरताना आपण ठेवलेलं उचलून घ्यावं. प्रोग्रामात त्याला एक ओळ लागते. माणसाला जरा जास्त लागतं.

साहेबांचा तो मुहूर्ताचा फोटो मोठा करून रिसेप्शनला लावलाय. हातात रोप, मागे डोंगर. येणाऱ्या पाहुण्यांना साहेब कौतुकाने सांगतात, इथूनच सहा नंबरची सुरुवात झाली. मी प्रिंटरच्या दिशेने निघते. त्या रोपाच्या मिरच्यांचा ठेचा शेजूळ मॅडमनी त्याच दिवशी बांधावर केला होता, आणि आम्ही तिघांनी भाकरीसोबत तो पुसून खाल्ला होता.